मोटारसायकलच्या एअर क्लीनरमध्ये तेल कोठून येते?

यंदाच्या स्मरणिकेसाठी सभासदांस उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी आज्ञा झाली तेव्हा धान्याच्या साठवणीवर लिहावे असा माझा पहिला विचार होता. परंतु धान्याविषयी आपल्या सभासदांस मी नवीन ते काय सांगणार? उलट जी वस्तू आपल्या प्रत्येक दुकानापुढे उभी असते, जिच्यावर बसून आपली मुले व गुमास्ते उधना-लिंबायतपर्यंत नमुने पोहोचवितात आणि बारडोली-व्यारापर्यंत वसुलीस जातात, त्या मोटारसायकलीच्या पोटात काय चालते याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांस असते. मीही त्या अज्ञानातूनच गेलेला आहे. त्या अज्ञानापायी माझ्या हातून एक अन्याय घडला. तोच या लेखाचे निमित्त होय.

प्रसंग नेहमीचा असतो. गाडी धूर सोडू लागते किंवा पेट्रोल अधिक खाते, म्हणून ती गॅरेजात नेतात. मिस्त्री बाजूचे झाकण काढतो, हवा गाळणारी पेटी, म्हणजे एअर क्लीनर, उघडतो आणि आत काळे तेल साचलेले दाखवितो. मग तो मान हलवून म्हणतो, "शेठ, इंजिनचे काम निघाले." आपण हताशपणे होकार देतो. इंजिन उघडले जाते, सिलिंडर बोअर होतो, नवा पिस्टन बसतो आणि काही हजार रुपये खर्ची पडतात. पुष्कळदा महिन्याभराने तेल पुन्हा तेथेच दिसते.

असे का होते? एअर क्लीनरमधील तेल हा रोग नसून ती एक नोंद आहे, आणि ती निदान चार निरनिराळ्या खात्यांतून येऊ शकते. कोणत्या खात्यातून आली हे न पाहता रक्कम फेडणारा व्यापारी शहाणा म्हणता येत नाही. तो शोध कसा घ्यावा, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

इंजिनाचा श्वास

फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन, म्हणजे दट्ट्या, सिलिंडरमध्ये खालीवर फिरतो. त्याच्या वरच्या बाजूस पेट्रोल व हवा यांचे मिश्रण जळते. खालच्या बाजूस क्रँककेस नावाची बंद पेटी असते. तीत क्रँक फिरते व वंगणाचे तेल खेळते. वरचा वायू खाली जाऊ नये आणि खालचे तेल वर येऊ नये, यासाठी दट्ट्याच्या भोवती रिंगा बसविलेल्या असतात. परंतु रिंग ही अखंड बांगडी नव्हे. तिला दोन टोके असतात आणि त्या टोकांमध्ये बारीकशी फट ठेवावीच लागते, कारण तापल्यावर धातू वाढतो. या फटीतून व रिंगांच्या कडेने थोडा वायू खाली निसटतो. यालाच इंग्रजीत ब्लो-बाय म्हणतात. नव्या कोऱ्या इंजिनातही तो असतो. इंजिन झिजले म्हणजे वाढतो, इतकेच. या निसटत्या वायूत न जळलेले पेट्रोल, काजळी आणि पाण्याची वाफ असते.

दुसरी गोष्ट दट्ट्याच्या हालचालीची. लोहाराच्या भात्याप्रमाणे दट्ट्या वर हवा ओढतो, तसा खालची हवाही दाबतो. आपल्या परिचयाची ३५० ची बुलेट घ्या. तिच्या जुन्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याचा फेरा ९० मिलिमीटर. म्हणून तिचे माप ३४६ घन सेंटीमीटर भरते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर दट्ट्या दर सेकंदाला ५० वेळा खाली येतो. म्हणजे क्रँककेसमधील सुमारे १७ लिटर हवेची दर सेकंदास ढकलाढकल होते. एवढ्या खळबळीत तेलाचे तुषार उडून हवेत तरंगत राहतात.

ही हवा व हा निसटता वायू यांना बाहेर पडण्यास वाट हवी. ती न मिळाली तर आतील दाब वाढून तेल प्रत्येक सांध्यातून व सीलमधून पाझरू लागेल. या वाटेस ब्रीदर म्हणतात. जुन्या बुलेटमध्ये तेथे बदकाच्या चोचीसारखी रबराची पडदी असते. ती हवा बाहेर जाऊ देते, परंतु परत आत येऊ देत नाही. त्यायोगे क्रँककेसमध्ये दाब साचत नाही.

आपण धान्याचे व्यापारी ही गोष्ट चटकन समजू शकतो. ओलसर गहू भरून त्याच्या थप्प्या भिंतीला चिकटवून लावल्या आणि वरून ताडपत्री घट्ट बांधली, तर काय होते? धान्य श्वास घेते, उष्णता व वाफ सोडते. वाट न मिळाल्यामुळे ती वाफ वरच्या पोत्यांवर पाण्याच्या रूपाने बसते. गुदामास झरोका लागतो, तसाच इंजिनासही लागतो.

ज्यांच्याजवळ अजून जुनी राजदूत किंवा जावा असेल, त्यांनी एक लक्षात ठेवावे. ती टू-स्ट्रोक इंजिने होत. त्यांत वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच मिसळले जाते व जळून जाते. त्यांना पुढील विवेचन लागू नाही.

ही नळी एअर क्लीनरकडे का आणली?

पूर्वी ब्रीदरची नळी खुशाल उघड्यावर सोडलेली असे. तेलाचे तुषार रस्त्यावर अथवा मागच्या साखळीवर पडत आणि कोणास त्याचे वाईट वाटत नसे. हा प्रकार थांबविण्याची सुरुवात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाली. लॉस एंजेलिस शहरावर पसरणारे डोळे चुरचुरविणारे धुके कशाने होते, याचा उलगडा हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास केला. मोटारींतून निघणारे न जळलेले इंधन व इतर वायू सूर्यप्रकाशात एकत्र येऊन हे विष तयार होते, असे त्याने दाखविले. पुढे असे ध्यानात आले की हे न जळलेले इंधन केवळ धुराच्या नळकांड्यातून येत नाही. त्याचा मोठा वाटा क्रँककेसच्या उघड्या नळीतून येतो. म्हणून १९६१ साली त्या राज्याने हा वायू पुन्हा इंजिनात नेऊन जाळण्याची सक्ती ठरविली आणि १९६३ पासून नव्या मोटारींवर ती अमलात आली.

हीच युक्ती कालांतराने मोटारसायकलींवरही आली. ब्रीदरची नळी एअर क्लीनरमध्ये सोडावयाची. तेथून तो वायू ताज्या हवेबरोबर इंजिनात जातो व जळतो. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमानंतरच्या गाड्यांत तर ही रचना गृहीतच धरलेली असते. वायू वाटेत थोडा थंड होतो आणि त्यातील तेलाचे थेंब पेटीच्या तळाशी जमतात. म्हणून पेटीच्या खाली बहुतेक गाड्यांस बूच लावलेली एक लहान नळी असते. त्या नळीत थोडेसे तेल-पाणी दिसणे हा दोष नव्हे; ती नळी त्याकरिताच ठेविलेली आहे. होंडा पद्धतीच्या गाड्यांच्या पुस्तिकांत ही नळी वेळोवेळी रिकामी करण्यास सांगितलेले असते. पावसात चालविल्यावर, सतत भरवेगाने चालविल्यावर, धुतल्यावर किंवा गाडी आडवी पडल्यावर ती अधिक वेळा रिकामी करावी, असेही त्यांत बजावलेले असते. आपण ती पुस्तिका पेढीच्या कपाटात ठेवून देतो आणि पुन्हा उघडीत नाही.

माझ्या हातून घडलेली चूक

आमच्या पेढीवर २००३ साली घेतलेली, ओतीव लोखंडी सिलिंडरची जुन्या बांधणीची बुलेट आहे. २०१५ च्या पर्युषणात आठ दिवस ती जागची हलली नाही. संवत्सरीस मी घरच्या-दारच्या सर्वांस "मिच्छामि दुक्कडं" म्हणून क्षमा मागितली. दुकानातील तरुण गुमास्त्यासही मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यास व्याऱ्यास वसुलीसाठी धाडावयाचे होते. वाट साठ-पासष्ट किलोमीटरची. म्हणून गाडी सुरू करण्यापूर्वी मी स्वतः तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खाली! "इतके दिवस तेल न पाहता गाडी चालवीत होतास काय?" असे त्यास विचारून मी अर्धा लिटर तेल ओतले. वर आणखी थोडे, कमी पडू नये म्हणून.

संध्याकाळी तो परतला तो गाडीच्या मागच्या बाजूस तेल ओघळत होते आणि नळकांड्यातून निळा धूर येत होता. एका गॅरेजात पेटी उघडली. गाळणी तेलाने निथळत होती. तेथे सांगण्यात आले की गाडी बेफाम पळविल्यामुळे रिंगा गेल्या असून आठ हजारांचे काम आहे. मी त्या मुलास चारचौघांत बोललो. "शेठ, पन्नास-पंचावन्नच्या वर नेली नाही," असे तो दोनदा म्हणाला. मी ऐकले नाही. अर्धा खर्च त्याच्या पगारातून कापण्याचे मी ठरविले व तसे वहीत लिहिलेही.

सुदैवाने इंजिन उघडण्यापूर्वी बुलेटची कामे करण्यात आयुष्य घालविलेल्या एका वृद्ध मिस्त्र्याकडे मी ती नेली. त्याने काहीच उघडले नाही. फक्त विचारले, "काका, गाडी किती दिवस उभी होती? आणि तेल केव्हा मोजले, चालविण्यापूर्वी की चालविल्यानंतर?"

त्या दोन प्रश्नांत सारा उलगडा होता. जुन्या बुलेटच्या इंजिनात तेलाचा साठा क्रँककेसला लागूनच असलेल्या निराळ्या कप्प्यात असतो. पंप ते तेथून फिरवितो व परत आणून सोडतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली म्हणजे त्या कप्प्यातील तेल पंपाच्या फटींतून हळूहळू क्रँककेसच्या तळाशी उतरते. पट्टी मात्र कप्प्यातील तेलच मोजते; म्हणून ती कमी दाखविते. तेल गेलेले नसते, त्याने नुसती जागा बदललेली असते. अशा वेळी इंजिन काही मिनिटे चालवून, मग थोडे थांबून मोजले, तर पातळी पुन्हा बरोबर दिसते. मी ते न करता अर्ध्या लिटरहून अधिक तेल ओतले. त्या इंजिनात एकंदर सुमारे सव्वादोन लिटर तेल मावते. जादा तेल आत राहणार कोठे? क्रँकने ते घुसळले, ब्रीदरने बाहेर फेकले आणि नळीच्या वाटेने ते एअर क्लीनरमध्ये गेले.

मिस्त्र्याने जादा तेल काढले, नळी व पेटी पुसून काढली, नवी गाळणी बसविली आणि मला म्हणाला, "महिनाभर चालवा व मग या." महिन्याने पेटी कोरडी होती. ते इंजिन त्यानंतरही कित्येक वर्षे बोअर न करता चालले.

आपल्या अस्तेय अणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापाचा दोष सांगितलेला आहे. आपण त्यातील 'कमी' तेवढे लक्षात ठेवतो, कारण काट्यावर कमी देणे हे पाप आहे हे लहानपणापासून ऐकलेले असते. 'अधिक' हाही दोषच, हे मला त्या दिवशी कळले.

चार खाती

त्या मिस्त्र्याकडून व पुढे पुस्तिका वाचून जे शिकलो ते क्रमाने देतो. शोध याच क्रमाने घ्यावा. कारण पहिल्या दोन पायऱ्यांस जवळजवळ काहीच खर्च नाही आणि शेवटची सर्वांत महाग आहे.

पहिले खाते जादा तेलाचे. गाडी सपाट जागी मुख्य स्टँडवर उभी करावी. बाजूच्या स्टँडवर कलती असता मोजलेले माप खोटे. इंजिन तीन ते पाच मिनिटे चालवावे, बंद करून दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मग मोजावे. पट्टी आटे फिरवून बसवून मोजावयाची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक वेगळे असते. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत ती पुसून, न फिरविता टेकवावयाची असते. काही गाड्यांस पट्टीऐवजी काचेची खिडकी असते. पातळी दोन खुणांच्या मध्ये असली म्हणजे पुरे. वरच्या खुणेच्या वर असेल तर आधी जादा तेल काढावे. बाकी तपासणी नंतर. आपण न ओतताच पातळी वाढली असेल आणि पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल झिरपून तेलात उतरत आहे असे समजावे. अशी गाडी चालवू नये. पेट्रोलचा कॉक व कार्ब्युरेटर दुरुस्त करून तेल बदलल्याशिवाय तिला हात लावू नये.

दुसरे खाते ओलाव्याचे. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते, हे ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. त्यातील बहुतेक वाफ धुराबरोबर निघून जाते. थोडी निसटत्या वायूबरोबर क्रँककेसमध्ये उतरते. इंजिन पुरते तापले तर ती ब्रीदरमधून निघून जाते. पण घरून दुकानात, दुकानातून बाजारात, पुन्हा घरी, असे एक-दोन किलोमीटरचेच फेरे होत असतील, तर इंजिन तापतच नाही. वाफेचे पाणी होते, ते तेलात घुसळले जाते आणि लोण्यासारखा पिवळट-पांढरा लगदा नळीत व पेटीत जमतो. हिवाळ्यात व पावसाळ्यात हे अधिक दिसते. हा लगदा पाहून घाबरू नये. आठवड्यातून एकदा गाडी पंधरा-वीस किलोमीटर न थांबता न्यावी, आणि अशा वापराच्या गाडीचे तेल मुदतीच्या थोडे आधीच बदलावे. मात्र लांबच्या प्रवासानंतरही पट्टीवरचे तेल दुधाळच राहिले, तर बाहेरून पाणी शिरले आहे असे समजून तपासणी करावी.

तिसरे खाते वेगाचे व नळीच्या अवस्थेचे. लहान इंजिनाची गाडी तासन् तास भरवेगाने हाकली तर निसटता वायू वाढतो व तेलाचे तुषारही वाढतात. त्यातच ब्रीदरची नळी वाकलेली किंवा लगद्याने अर्धी भरलेली असली, अगर जुन्या बुलेटमधील रबरी चोच वयोमानाने कडक होऊन फाटली असली, तर तेल बाहेर पडते. नळी काढून साफ करणे आणि ती चोच बदलणे ही अल्प खर्चाची कामे आहेत. ती केल्याशिवाय इंजिन उघडू देऊ नये.

चौथे खाते झिजेचे. वरील तिन्ही तपासून झाली व तरीही तेल येतच राहिले, तर रिंगांचा संशय घ्यावा. झिजेच्या खुणा एकट्या येत नाहीत. नळकांड्यातून सतत निळा धूर, प्लगवर ओले काळे तेल, किक मारताना पूर्वीपेक्षा हलकी लागणे, चढावर दम कमी पडणे आणि दोन सर्व्हिसिंगच्या दरम्यान पट्टीवरचे तेल घटत जाणे, अशा त्या असतात. पहिल्या खात्यात तेल जास्त असते. चौथ्यात ते कमी होत जाते. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. खात्री करण्यासाठी कॉम्प्रेशन मोजण्याचे गेज असते. प्लगच्या जागी ते लावून दाब मोजावा, मग सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावा. दुसऱ्या वेळी दाब स्पष्टपणे वाढला तर रिंगा अथवा सिलिंडर झिजले आहेत. वाढला नाही तर दोष बहुधा व्हॉल्व्हकडे असतो. हे माप घेण्यापूर्वी जो बोअर करण्यास सांगतो, त्यास नम्रपणे थांबवावे.

एक सूचना येथेच करून ठेवतो. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत कागदी गाळणीवर कारखान्यातच चिकट तेलाचा लेप दिलेला असतो, धूळ धरून ठेवण्यासाठी. ती गाळणी हाताला तेलकट लागते, म्हणून तीत इंजिनचे तेल आले असा समज करून घेऊ नये. ती धुवू नये, तिच्यावर हवाही मारू नये. मुदत संपली की बदलावी. स्पंजाची गाळणी मात्र धुता येते. ती रॉकेलने किंवा साबणाच्या पाण्याने धुवून, वाळवून, थोडे तेल लावून पिळून बसवावी. पेट्रोलने धुण्याची सवय आगीच्या भयास्तव सोडून द्यावी.

न करावयाचे उपाय

काही उपाय रोगापेक्षा भयंकर आहेत. पहिला, ब्रीदरच्या नळीत बूच मारणे. त्यायोगे पेटी कोरडी राहते खरी, परंतु आतील दाब वाढून सील फुटतात व तेल भलत्याच ठिकाणाहून गळू लागते. दुसरा, नळी पेटीतून काढून खाली उघडी सोडणे. असे करणारे पुष्कळ आहेत. त्या नळीतून पडणारे तेल मागच्या चाकावर उडाले, तर वळणावर गाडी घसरते. बसलेला मुलगा आपलाच असतो. शिवाय न जळलेले इंधन पुन्हा त्याच हवेत जाते, जी आपण व आपले शेजारी घेतो, आणि आजच्या नियमांसही ते धरून नाही. पेटीच्या अंगाला उघडे राहिलेले भोक बंद केले नाही, तर तेथून धूळ सरळ इंजिनात शिरते. आपल्या गुदामांपुढे बाजरी-गव्हाच्या चाळणीची जी धूळ उडते, ती सिलिंडरला कानशीसारखी घासते, हे सांगावयास नको. तिसरा, गाळणीच काढून टाकणे. यासारखा आत्मघात नाही.

ज्यांच्या गाडीत सर्व तपासूनही थोडे तेल येतच राहते, त्यांनी ब्रीदर व पेटी यांच्यामध्ये तेल साठविणारी लहान डबी बसवून घ्यावी. जुन्या बांधणीच्या उत्तरकालीन बुलेटींत अशी डबी कारखान्यातूनच येत असे. वायू डबीत शिरला की वेग मंदावून थेंब तळाशी बसतात आणि कोरडा वायू पुढे पेटीत जातो. डबीचे दुसरे तोंड पेटीला जोडलेले असावे, बंद नसावे. आणि ती दर महिन्यास रिकामी करावी. भरलेली डबी ही नसलेल्या डबीसारखीच.

गाळणीत तेल मुरू देण्याचे तोटे व्यापाऱ्यास आकड्यांवाचूनही कळतील. भिजलेला कागद हवा कमी जाऊ देतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्यामुळे पेट्रोलचे प्रमाण वाढते, प्लग काळा पडतो व ॲव्हरेज घटते. तेच तेल इंजिनात जळले की धूर होतो. आणि नव्या गाड्यांच्या नळकांड्यात जे धूर शुद्ध करणारे उपकरण असते, त्यावर तेलातील फॉस्फरससारखी द्रव्ये बसून ते निकामी होत जाते. ते उपकरण स्वस्त नाही.

सुरतेचा पावसाळा

आपल्या शहरास पाण्याचा धडा निराळा शिकविण्याची गरज नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली आणि सुरतेचा फार मोठा भाग बुडाला, हे आपल्यापैकी बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिले. अशा पाण्यात बुडालेल्या गाडीत एअर क्लीनरच्या व ब्रीदरच्या, दोन्ही वाटांनी पाणी शिरू शकते. पाणी दाबले जात नाही. म्हणून सिलिंडरमध्ये पाणी असता इंजिन फिरविले, तर दट्ट्याचा दांडा वाकतो. बुडालेल्या गाडीला घाईने किक मारू नये, बटणही दाबू नये. आधी प्लग काढावा, पेटी व तिची खालची नळी रिकामी करावी, इंजिनातील तेल काढून पाहावे. दुधाळ असेल तर नवे तेल भरून थोडे चालवून पुन्हा बदलावे. एरवीही जोराच्या पावसानंतर पेटीखालच्या नळीचे बूच एकदा उघडून पाहण्याची सवय ठेवावी.

काढलेले तेल गटारात किंवा मोकळ्या जमिनीवर ओतू नये. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते. थोडेसे तेलही पुष्कळ पाण्यावर साय धरते, आणि त्या पाण्यात व मातीत जे असंख्य जीव आहेत त्यांचा विचार आपण नाही करावयाचा, तर कोणी करावयाचा? घट्ट झाकणाच्या डब्यात साठवून, ते रीतसर गोळा करणाऱ्याकडे पाठविणाऱ्या सर्व्हिस सेंटरात द्यावे.

समारोप

दुकानात एक साधी वही ठेवावी. गाडीचा क्रमांक, तेल बदलल्याची तारीख, किलोमीटर, किती तेल घातले, कोणी मोजले आणि पेटीच्या नळीत काय निघाले, एवढ्या नोंदी महिन्यातून एकदा कराव्या. पाच मिनिटांचे काम आहे. तेल मोजल्यावाचून घालू नये, आणि मोजणाऱ्याने गाडी किती वेळ उभी होती हे आधी विचारावे.

राहता राहिली त्या गुमास्त्याची गोष्ट. वहीत लिहिलेली कपात मी त्याच्यासमोर खोडली. पण ज्या चारचौघांत त्यास बोललो होतो त्यांना पुन्हा बोलावून, चूक माझी होती असे सांगितल्यावरच माझ्या मनास स्वस्थता आली. संवत्सरीस मागितलेली क्षमा चोवीस तासही टिकली नव्हती; ती मला तिथी नसताना पुन्हा मागावी लागली. तो काहीच बोलला नाही; गाडीची किल्ली घेऊन कामास निघून गेला. आजही तो आमच्याच पेढीवर आहे आणि गाड्यांची ती वही त्याच्याच हाती आहे.

यंत्र बोलत नाही, माणूस बोलतो. यंत्रात बिघाड दिसला की आपण बोलणाऱ्यावर दोष ठेवतो आणि न बोलणाऱ्याचे माप घेण्याचे विसरतो. आपल्या सभासदांपैकी एकाने जरी यापुढे पेटीत तेल दिसताच प्रथम पट्टी काढून पाहिली आणि मग तोंड उघडले, तरी हे लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन. इत्यलम्. जय जिनेंद्र.